गारठ्यासाठी दुसरा शब्द

अक्का, तुझी बाज मी अजून मोडू दिलेली नाही. उकळत्या पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली, जुना सुंभ जाळून नवा भरला आणि पडवीत भिंतीला उभी करून ठेवली आहे. येणारा-जाणारा आधी तिच्याकडं बघतो, मग माझ्या भादरलेल्या डोक्याकडं, आणि घसा खाकरून दुसराच विषय काढतो. तात्या मात्र विषय बदलत नाहीत. रोज सकाळी येतात, ओट्यावर बसतात आणि तेच विचारतात, "मंग, काय ठरवलंस?" मी चहाची कपबशी पुढं करतो. ते चहा पितात आणि उठून जातात. आपल्या घराण्यातला हट्ट कुठून आला हे चुलत्याकडं बघितलं की कळतं.

तुझं सगळं केलं मी. सासरचं कुणी येणार नव्हतंच, आलंही नाही. दहावा झाला, तेरावा झाला. एकच गोष्ट केली नाही. बाजेवर जीव गेलेल्या माणसासाठी भटजी जे प्रायश्चित्त सांगतात, ते मी करणार नाही म्हणालो. आणि ती बाज मोडून ओढ्यात टाकायची असते, तीही टाकली नाही. गावात सध्या माझ्याबद्दल दोन मतं आहेत. काही म्हणतात मास्तरचं डोकं फिरलं, काही म्हणतात ते आधीपासूनच फिरलेलं होतं.

आपल्याकडं माणसानं भुईवर जायचं असतं. सारवलेली जमीन, तोंडात तुळशीचं पान, गंगेच्या पाण्याचा थेंब. बाजेवर गेलेला जीव अधांतरी राहतो, ना वर ना खाली, असं सगळे मानतात. म्हणून आजाऱ्याचे हातपाय गार लागले की घरचे घाई करतात, आणि ती घाई मायेपोटीच असते, हे तू कधी नाकारलं नाहीस. पण एकदा खाली घेतलेलं माणूस पुन्हा वर घेत नाहीत. मग त्याला पाणी पाजायचं, शेकायचं कुणाच्या मनातही येत नाही. बायका रडायला बसतात, पुरुष लाकडाचं बघायला निघतात. पटकीच्या साथीत तर हे इतकं पटापट होतं, की तू म्हणायचीस, यातले किती जण पटकीनं गेले अन् किती भुईनं, ते देवाला ठाऊक.

या गारठ्यासाठीचा तो वेगळा शब्द तू जालन्याहून आणलास. त्याआधी तुलाच जालन्याला नेलं होतं, बैलगाडीत घालून, तापानं फणफणलेली, कपाळ नुकतंच पांढरं झालेली. मिशनच्या दवाखान्यात बरी झालीस आणि परत यायचं नाव काढीनास. "इथं माझ्या हाताला काम हाय," एवढाच निरोप धाडलास. तात्यांनी वर्षभर तुझं नाव टाकलं होतं. मग त्यांच्या मांडीला गळू झालं, ते तुझ्याच दवाखान्यात कापून घेऊन आले, आणि तेव्हापासून भर बाजारात सांगत सुटले की आमची गोदा गोऱ्या डॉक्टरणीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते.

अशाच एका साथीनंतर तू चार दिवस सुट्टीला आलीस. मी नुकताच निजाम सरकारच्या शाळेत लागलो होतो. शिकवणं उर्दूत, मास्तर मराठी, आणि पोरं दोन्हींना घाबरणारी. तू भाकरी थापता थापता विचारलंस, "बाळ, आल्जिड म्हंजे काय रे?"

असा शब्दच नाही, असं मी ठोकून दिलं. इंग्रजी परीक्षा पास झाल्याचा ताठा होता.

"न्हाई कसा? मॅडम रोज म्हणून राह्यल्या. पटकीचा पेशंट गार पडला की म्हणतात, हा आल्जिड झाला, आता याला सोडू नका."

"मग त्याचा अर्थ गार."

"गार मलाबी समजतं. त्याला त्यांच्यात कोल्ड हाय. मंग हा दुसरा शब्द कशाला काढला त्यांनी?"

 म्हणून पुढच्या खेपेला जालन्याला गेलो तेव्हा ओळखीच्या वकिलांकडं हटकून उतरलो. त्यांच्याकडं इंग्रजीचा जाडजूड कोश होता, पानाचा डबा ठेवायला त्याचा उपयोग होई. डबा बाजूला करून मी पानं उलटली. होता शब्द. मूळ लॅटिन. अल्गेरे म्हणजे गारठणं, त्यावरून अल्गिडुस, म्हणजे गारठलेला. रोम शहराजवळच्या एका डोंगराचंही हेच नाव होतं, बहुधा तिथल्या थंडीवरून पडलेलं. हाताला पानं लागलीच होती म्हणून फ्रिजिड बघितला, तो फ्रीगुस या थंडीच्याच शब्दावरून आलेला. जेलिड बघितला, तो गेलू म्हणजे गोठलेल्या दवावरून. थंडीचं केवढं हे गोत! आणि मी तिथं उपरण्यानं मानेचा घाम पुसत ते वाचत होतो. वकील म्हणाले, "मास्तर, इस गर्मी में सर्दी का क्या शौक लगा आपको?"

घरी येऊन तुला मी हे सगळं ऐटीत सांगितलं. डोंगराचं तुला फार आवडलं. मग मी म्हणालो, त्याच्याच जवळ अल्गोर असाही एक शब्द आहे, त्याच मुळातला. तुझा हात परातीत थांबला.

"अल्गोर? तो तर मुडद्याचा हाय. माणूस मेल्यावर अंग गार होत जातं ना, त्याला मॅडम अल्गोर मॉर्टिस म्हणतात."

मला तेवढंच पाहिजे होतं. "बघ! म्हणजे लॅटिनवाल्यांनाही दोन्ही थंड्या सारख्याच वाटल्या. मूळ एकच. मग आपल्या लोकांनी गार लागला म्हणून खाली घेतला, तर त्यांचं काय चुकलं?"

तू तवा असा आदळलास की शेजारच्या हमीदाबी भिंतीवरून डोकावल्या. "मूळ एक असंल. पण शब्द त्यांनी दोन केले का न्हाई? जित्त्याच्या गारठ्याला एक, मेल्याच्या गारठ्याला एक. आपल्याकडं दोन्हीला एकच. म्हणून तर घाई होऊन राह्यली!"

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते तू गेलीस तरी मिटलेलं नाही. तू म्हणालीस, तू मास्तर आहेस, आपल्या माणसांसाठी दुसरा शब्द काढून दे. मी हीव म्हणालो. तू म्हणालीस, हिवतापाचा शब्द तो, हीव भरलेलं माणूस गोधडी मागतं, हे तर अंगावरची गोधडी फेकून देतं. मी सर्द म्हणालो. तू नाक ओढून दाखवलंस. मग वैद्याला विचारून मोठ्या थाटात शीतांग घेऊन आलो. तो शब्द तू दोनदा तोंडात घोळवलास आणि म्हणालीस, "चांगलाय. पण कोणाच्या सुनेला समजंल का रे?" मी चिडलो. म्हणालो, शब्द मास्तर देऊ शकतो, सुना देऊ शकत नाही.

शब्द मिळाला नाही, पण त्यातली गोष्ट तू मला पक्की समजावलीस. पटकीत हगवण-उलट्यांनी अंगातलं पाणी निघून जातं. कातडी गार पडते, काखेत लावलेला पारा वर चढत नाही, मनगटाची नाडी लागत नाही, आवाज घोगरा होऊन बसतो. पण आत ताप असतो. माणूस बर्फासारखं लागतं आणि म्हणतं, मला भाजून राह्यलंय. मी विचारलं, मग मेलेला आणि न मेलेला ओळखायचा कसा? तू म्हणालीस, "हात काही सांगत न्हाई. थांबल्यावर कळतंय." मी म्हणालो, हे काही शास्त्र झालं नाही. तू म्हणालीस, जित्तं माणूस खाली घेणं हे कोणतं शास्त्र?

गुडघे दुखायला लागले तशी तू जालना सोडून कायमची इथं कुंभार पिंपळगावला माझ्याकडं आलीस. आल्या वर्षीच गयाबाईचं झालं. भर दुपारी तिच्या घरासमोरून जाताना तू रडणं ऐकलंस, आत शिरलीस आणि भुईवर घेतलेल्या बाईच्या पापण्या उघडून बघितल्यास. मग तिच्या दोन्ही पोरांना म्हणालीस, उचला हिला, बाजेवर घ्या. कुणी हलेना. खाली घेतलेलं माणूस वर घ्यायचं म्हणजे यमाच्या ताटातून घास काढायचा. शेवटी तू स्वतः तिच्या काखेत हात घातलास, हमीदाबींनी पाय धरले, आणि दोघींनी तिला वर घेतलं. मिठाचं उकळलेलं पाणी चमच्यानं पाजत राहिलीस. दुसऱ्या दिवशी गयाबाईनं पेज मागितली. तिच्या सुना कितीतरी दिवस तिच्या हातचं पाणी प्यायला कचरत होत्या, आणि गयाबाई तुझ्याकडं येऊन हसत सांगायची, "मला भूत समजून राह्यल्या, आता घरात कामं बराबर होतेत."

सगळेच गयाबाईसारखे वाचले नाहीत. थांबूनही गेले ते गेलेच. पण गावात हळूहळू घाई कमी झाली. लोक आधी तुला बोलवायला लागले, आणि सारवायला नंतर घ्यायला लागले. मला वाटतं तुझ्या आयुष्यातली हीच कमाई, आणि तीच आता पणाला लागली आहे.

रामनवमीला तू जांबेच्या जत्रेला निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, जाऊ नकोस, गुडघे बघ आपले. तू दोन हंडे गाडीत चढवलेस. यात्रेकरूंना उकळलेलं पाणी द्यायचं होतं. याचा मला अजून राग आहे, अक्का, तो मी लपवत नाही. इतकी जाणती तू, आणि दुसऱ्यांसाठी पाणी उकळता उकळता स्वतः कुठं काय प्यालीस? परत आलीस ती गाडीत आडवी. उतरताच मला हातानं लांब केलंस आणि म्हणालीस, आधी चुन्याचं पाणी कर, हात धू, मंग जवळ ये. अंबडला डॉक्टरकडं माणूस धाडला, पण वाट लांबची.

दुपारी तू गार पडलीस. डोळे आत गेले होते, आवाज बसला होता. तरी मला जवळ बोलावून म्हणालीस, "बाळ, हे आल्जिड हाय. भिऊ नको. थांबशील ना?" मी थांबतो म्हणालो. बिलकुल थांबतो, म्हणालो. तू गोधडी लाथेनं सारलीस आणि डोळे मिटलेस.

तात्या आले. त्यांनी तुझे तळपाय धरले आणि त्यांचा चेहराच उतरला. बायकांनी माजघर सारवायला घेतलं. मी बाजेच्या कडेच्या लाकडावर, गातावर बसलो आणि दोन्ही बाजूंना हात टेकले. तात्या म्हणाले, "पोरा, तिचा जीव अडकून राह्यला. खाली घेऊ दे रे." मी थांबा म्हणालो. पुन्हा म्हणाले, पुन्हा थांबा म्हणालो. हमीदाबी पाणी उकळून देत होत्या, मी मीठ घालून चमच्यानं पाजत होतो, निम्मं ओघळत होतं. एकदा मनगटात नाडी लागल्यासारखी वाटली. मी ओरडलोच. हमीदाबींनी हात लावून बघितलं. "है बेटा, है," म्हणाल्या. मग ती पुन्हा हरवली. दिवे लावायच्या आधी तू गेलीस, बाजेवर. एका शब्दातून दुसऱ्या शब्दात तू नेमकी कधी गेलीस, ते तुझ्या हातावर हात ठेवून बसलेल्या मला कळलं नाही. मी तुला पुढं किती तरी वेळ पाणी पाजत होतो.

गाव तेव्हापासून म्हणतंय, मास्तरनं बहिणीला अधांतरी घालवलं. आणि त्याच्या मागं दुसरं वाक्य येतं, ते मला जास्त लागतं. थांबून काय मिळालं? जिनं थांबायला शिकवलं तीच बाजेवर मेली.

काल तात्यांशी शेवटी बोललो. म्हणालो, "तात्या, मी प्रायश्चित्त केलं तर थांबणं हे पाप ठरतं. मग पुढचं माणूस गार लागलं की सरळ भुईवर जाईल, आणि लोक म्हणतील, मास्तरनंसुद्धा चूक कबूल केली."

तात्यांचे डोळे भरले. "मला गावाचं नको सांगू. मी तिच्यासाठी सांगून राह्यलो. माझ्या मांडीवर खेळली ती. ती वर लटकून राह्यली असंल तर मी काय करू?"

"तिलाच विचारलं असतं तर काय म्हणाली असती?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मला त्यांची इतकी दया आली, की क्षणभर वाटलं, म्हाताऱ्यासाठी करून टाकावं. पण केलं नाही. तेराव्याला गयाबाई आली होती, तिची आठवण झाली. जेवून उठली आणि सगळ्यांसमोर पडवीत जाऊन तुझ्या बाजेवर हात ठेवला. म्हणाली, "मी खाली होते ना, तवा मला सगळं ऐकू येत होतं. लाकडं कोणाकडून आणायची ते बोलून राह्यले होते. मला वरडायचं होतं, पण आवाज न्हाई." तिची दोन्ही पोरं तिथंच जेवत होती. त्यांनी मान वर केली नाही.

म्हणून मी नाही म्हणालो, आणि उद्याही नाहीच म्हणणार आहे. तुझा जीव खरंच कुठं अडकला असेल तर तो कशात अडकला असेल, हे मला तात्यांपेक्षा चांगलं माहीत आहे.

इथपर्यंत सकाळी लिहिलं होतं. आता ऊन कलतं झालंय आणि मी सखाराम कुंभाराच्या अंगणात बसलोय, गुडघ्यावर पाटी, पाटीवर हा कागद. सांगतो काय झालं ते.

तात्या नेहमीसारखे चहा पीत होते, तेवढ्यात सखाराम धापा टाकत आला. ओट्याशी उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, माझ्या बायकोला, रखमीला, पहाटपसून पटकी लागली. हातपाय गार पडले तिचे. आमच्यात बाज न्हाई, आम्ही सगळे भुईवरच निजतो. तुमची ती बाज द्या."

मी म्हणालो, "सखाराम, त्या बाजेवर काय झालं ते माहीत आहे ना तुला?"

"म्हाईत हाय. म्हणून तर मागून राह्यलो. माझी आई म्हणती, भिऊ नको, हा मेल्याचा गारठा न्हाई, हा अक्काचा गारठा हाय. भुईवर ठिवू नको, जल्दी बाज आण."

अक्का, मी असा उभा राहिलो की कपबशी हातातून पडली. सखारामला त्यातलं काही कळलं नाही, त्याला बाज पाहिजे होती. मी आणि वैद्य आणि वकिलांचा कोश मिळून जे जमलं नाही, ते एका कुंभारणीनं चाकाशेजारी बसून करून टाकलं होतं. आणि ते आज केलेलं नव्हतं. वाटेत मी विचारलं तर सखाराम म्हणाला, आमच्या आळीत बाया असंच म्हणतेत, लई दिवसापसून. म्हणजे तू जिवंत होतीस तेव्हापासून तो शब्द गावात फिरत होता. तुझ्यासमोर तुझं नाव घ्यायला बाया लाजत असतील, आणि आपण दोघं इकडं चुलीपुढं भांडत होतो. तुला हे कळायला पाहिजे होतं, याचंच मला आज सगळ्यात वाईट वाटतंय.

बाजेचं एक टोक सखारामनं धरलं. दुसरं धरायला मी वाकलो, तर तिथं आधीच तात्यांचे हात होते.  धोतर खोचून म्हातारा बाज घेऊन कुंभारआळीपर्यंत चालत आला.

रखमाला वर घेतलं आहे. हमीदाबींनी चूल पेटवली आहे, मी पाणी पाजतो आहे, आणि मधल्या वेळात हे लिहितो आहे. तिनं आताच गोधडी फेकून दिली, ते बघून मला बरं वाटलं. हात अजून गारच आहे. ती वाचेल का ते मला माहीत नाही, तुलाही सांगता आलं नसतं. मगाशी सखारामचा मेव्हणा आत आला, त्यानं तिचे तळपाय चाचपले आणि दबक्या आवाजात म्हणाला, सारवून घ्यायचं का?

तात्या दारात बसले होते. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

"थांबा," म्हणाले.